माळ पेटवावा का? आणि गायरानातल्या टणटणीचं काय करावं?

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबी भागातून प्रश्न आलाय: "साहेब, फाल्गुनात माळ पेटवला की पावसाळ्यात गवत दाट येतं, असं वडीलधारी माणसं सांगतात. दरवर्षी पेटवावा का?" हुक्केरीकडून दुसरा: "गायरानात टणटणी (घाणेरी, लँटाना) माजलीय. तणनाशक मारून तिथं निलगिरी लावली तर?"

पहिल्याचं उत्तर, दरवर्षी तर नकोच. जाळल्यावर हिरवा कोंब लवकर दिसतो हे खरं, पण तो मुळांतल्या साठ्यावर येतो. राखेत पालाश आणि चुना उरतो, नत्र बहुतेक धुराबरोबर जातं. त्याहून मोठा तोटा म्हणजे कुसळी हे टोचऱ्या कुसळांचं गवत माजतं. तिच्या बियाची लांब कुसळं ओली झाली की उलगडतात, वाळली की पीळ घेतात, आणि बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. जाळ वरून निघून जातो, आतलं बी सुखरूप राहतं. म्हणून वरचेवर जळणाऱ्या माळावर कुसळी वाढत जाते. शेडा, मारवेल ही गवतं जनावरांच्या आवडीची. जळल्यावर फुटलेले त्यांचे कोवळे कोंब लगेच चरायला दिले की ती मागे पडतात. मग मेंढ्यांच्या लोकरीत आणि जनावरांच्या तोंडात कुसळं घुसली म्हणून आपणच ओरडतो.

वणवा निव्वळ शत्रू असतो असं मी म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात 1954 पासून काही पट्टे ठरावीक वर्षांनी जाळून, काही अजिबात न जाळता ठेवून निरीक्षण चाललंय. आगीचा मार मोठ्या झाडांपेक्षा लहान रोपांनाच जास्त बसतो, आणि आग पूर्ण थांबली की झुडपं उंच होत माळ व्यापू लागतात. पण तिथली आग आखलेली असते. आपल्याकडे माळाला लागूनच रान आहे, आणि रानाला आग लावणं कर्नाटक वन कायदा 1963 नुसार गुन्हा आहे. तेव्हा कुसळ धरण्याआधी गवत कापा, गंजी रचा आणि रानाच्या कडेनं गवत खरडून जाळपट्टा, म्हणजे आग अडवणारा पट्टा, मोकळा ठेवा.

हुक्केरीकरांना: निलगिरी नको. तुमच्याकडे पाऊस आधीच कमी, त्यात सावलीखाली चाऱ्याचं गवत मरतं. गायरान ओसाड दिसलं तरी ते कुरणच आहे. टणटणी नुसती छाटली तर दुप्पट फुटते. तिचं मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार बोटांवर कुदळीनं तोडा आणि झुडूप उलटं टाकून वाळू द्या. हे फळं धरण्याआधी करायचं, कारण बी बुलबुल पसरवतात. पाला जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका, कावीळ होते. बरीच तणनाशकं चांगल्या गवतालाही मारतात, ती टाळा.

मोकळी झालेली जागा तशीच सोडली तर काँग्रेस गवत येणार. पहिल्या पावसाबरोबर मारवेलीचं बी फेका. बियाण्याची चौकशी धारवाडच्या चारा संशोधन केंद्रात करता येईल. पेरलेल्या पट्ट्यात बी झडेपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतरपर्यंत, जनावरं सोडू नका. पुढच्या पावसाळ्यात टणटणीची रोपं हातानं उपटून काढा.