टीव्हीचे एचडीएमआय सॉकेट बिघडले, आता काय करावे?

प्रश्न : आमच्याकडे दहा वर्षांपूर्वी घेतलेला ४० इंची एलईडी टीव्ही असून त्याला एचडीएमआयची दोन सॉकेट आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री विजांसह पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवसापासून एका सॉकेटवर ‘नो सिग्नल’ असेच दिसते. दुसऱ्यात केबल वर उचलून धरली तरच चित्र येते. सेट टॉप बॉक्स पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरने जोडून पाहिला, तर चित्र काळे-पांढरे दिसले. सेट टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक आणि जुना डीव्हीडी प्लेअर अशी तीन साधने आम्हाला चालवायची आहेत. दुरुस्ती करणारे म्हणतात की मदरबोर्डच बदलावा लागेल. वडील ७८ वर्षांचे आहेत, त्यांना रिमोटची गुंतागुंत जमत नाही. काय करावे?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : मदरबोर्डावर पैसे घालण्यापूर्वी दोष खरोखर टीव्हीतच आहे का, याची खात्री करून घ्या. गच्चीवरच्या डिशपासून घरात येणारी केबल विजेच्या वेळी दाबाचा झटका थेट सेट टॉप बॉक्समध्ये आणते आणि तेथून तो एचडीएमआय केबलमार्गे टीव्हीत शिरतो. त्यामुळे अशा रात्रीनंतर बॉक्सचे सॉकेट गेले, टीव्हीचे गेले की दोन्हींचे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. शेजाऱ्यांच्या टीव्हीला आपला बॉक्स जोडून पाहा आणि आपल्या टीव्हीला दुसरी केबल लावून त्यांचा बॉक्स जोडून पाहा. या दोन चाचण्यांना पंधरा मिनिटे पुरतात आणि त्यानंतरच कारागिराशी बोलण्यात अर्थ आहे.

केबल उचलून धरल्यावर चित्र येते, याचा अर्थ त्या सॉकेटमागची यंत्रणा जिवंत आहे. एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ बारीक पिना असतात आणि भिंतीलगत टांगलेल्या टीव्हीत जाड केबलचा किंवा स्टिकचा भार वर्षानुवर्षे त्याच सॉकेटवर पडत राहिला, की सर्किटवरचे डाग, म्हणजे सोल्डरिंगचे जोड, तडकतात. हे जोड पुन्हा पक्के करता येतात किंवा तेवढे सॉकेट नवीन बसवता येते. त्यासाठी हॉट एअरची, म्हणजे गरम हवेने सोल्डर वितळवणारी यंत्रणा आणि सरावलेला हात लागतो. ‘बोर्ड बदला’ असे सांगणाऱ्याला ‘सॉकेट बदलून देता का?’ असे स्पष्ट विचारा. वीज शिरलेल्या सॉकेटची गोष्ट वेगळी आहे. तेथे बहुधा आतली चिप जळलेली असते आणि त्या सॉकेटच्या नादी न लागणे बरे.

एक सॉकेट नीट झाले की तिन्ही साधनांसाठी तेवढे पुरते. त्यासाठी एचडीएमआय स्विच घ्यावा, ज्यात तीन साधनांच्या केबल आत जातात आणि एकच केबल टीव्हीकडे येते. सीताबर्डीच्या दुकानात मागताना ‘स्विच’ हाच शब्द वापरा, कारण ‘स्प्लिटर’ म्हणून जे मिळते त्याचे काम नेमके उलटे असते: एका साधनाचे चित्र तो अनेक टीव्हींना पाठवतो. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच असल्याने अदलाबदल सहज होते. स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरवर चालणारा स्विच घेतलेला चांगला. तो टीव्हीखाली टेबलावर ठेवा म्हणजे पुढे केबलींची काढघाल स्विचवर होईल आणि टीव्हीच्या सॉकेटला हात लागणार नाही. साधन सुरू करताच आपोआप बदलणारे स्विचही मिळतात, परंतु सेट टॉप बॉक्स स्टँडबायमध्ये असतानाही सिग्नल देत राहिला तर असा स्विच गोंधळतो. वडिलांसाठी बटणांचा स्विच घ्या, पहिल्या क्रमांकावर सेट टॉप बॉक्स जोडा आणि स्टिक पाहून झाली की घरातल्या ज्याने लावली त्याने स्विच पुन्हा एकवर आणून ठेवावा. वडिलांना आपला नेहमीचा रिमोट तेवढा हातात घ्यावा लागेल.

डीव्हीडी प्लेअरला मात्र स्विचची गरजच पडू नये, कारण आपले एव्ही सॉकेट, म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरचे सॉकेट, बहुधा ठणठणीत आहे. अनेक एलईडी टीव्हींमध्ये पिवळे सॉकेट आणि कंपोनंटचे, म्हणजे चित्र तीन वेगळ्या वायरींनी घेणाऱ्या जोडणीचे, हिरवे सॉकेट एकच असते. कडेला अर्धा हिरवा, अर्धा पिवळा रंग दिसेल. पिवळी वायर तेथे लावून सोर्समध्ये ‘कंपोनंट’ निवडले तर चित्र काळे-पांढरे दिसते आणि ‘एव्ही’ निवडले की रंग येतात. तरीही रंग आले नाहीत, तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट ‘एनटीएससी’ ऐवजी ‘पाल’ करून पाहा; या रंगीत चित्राच्या सिग्नलच्या दोन पद्धती आहेत आणि आपल्याकडे पाल चालते. सॉकेटच्या आतही एकदा डोकावून बघा. आपल्याकडे मार्चपासून कूलर चालतो, त्याची ओली हवा टीव्हीच्या मागे खेळते आणि सॉकेटच्या कडेवर हिरवट-पांढरी पुटी धरते. टीव्हीचा प्लग काढून, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती पुसावी आणि पूर्ण वाळल्यावर वायरचा प्लग आत दोन-तीन वेळा फिरवावा.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. सेट टॉप बॉक्सच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात, हे अनेकांनी अनुभवले असेल. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या साधनांना अर्थिंग नसते आणि त्यांच्या आवरणावर गळतीचा दाब साठतो. चालू साधनांमध्ये केबल खुपसताना तोच दाब एचडीएमआयच्या नाजूक चिपमधून वाहून ती निकामी करू शकतो. म्हणून टीव्हीसह सर्व साधनांचे प्लग भिंतीतून काढावेत, सगळ्या जोडण्या कराव्यात आणि वीज शेवटी द्यावी. आभाळ गडगडू लागले की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लगही काढावा आणि डिशची स्क्रूची केबल बॉक्सपासून सोडवून ठेवावी. मात्र हे वादळ डोक्यावर येण्याआधीच करावे, विजा चमकत असताना त्या केबलला हात लावू नये.

प्रश्न : आमच्या टीव्हीचे यूएसबी सॉकेट चांगले आहे. यूएसबी ते एचडीएमआय केबल लावून सेट टॉप बॉक्स चालेल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही. टीव्हीचे यूएसबी सॉकेट पेन ड्राइव्हमधील फाइल वाचण्यासाठी असते, बाहेरून येणारे चालू चित्र ते घेत नाही. त्या केबलवर खर्च करू नका.

प्रश्न : आईकडे महाल भागातल्या घरी जुना डबा टीव्ही आहे. त्याची एव्ही सॉकेट निकामी झाली आहेत आणि फक्त अँटेनाचे सॉकेट चालते. त्यावर सेट टॉप बॉक्स लावता येईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : येईल. त्यासाठी आरएफ मॉड्युलेटर नावाची छोटी डबी लागते. बॉक्सची एव्ही वायर तिच्यात जाते आणि तिच्यातून निघणारी केबल टीव्हीच्या अँटेना सॉकेटमध्ये. घेताना ती ‘पाल बी/जी’ पद्धतीची आहे हे पाहून घ्या, नाहीतर चित्र दिसेल पण आवाज येणार नाही किंवा रंग जातील. बॉक्स चालू ठेवून टीव्हीवर एकदा चॅनेल शोधा, जेथे चित्र सापडेल ते एक नंबरवर साठवा आणि आईंना सांगा की टीव्ही नेहमी एकवर ठेवायचा, चॅनेल मात्र बॉक्सच्या रिमोटने बदलायचे. चित्र एव्हीपेक्षा थोडे मऊ दिसेल आणि आवाज बहुधा मोनो येईल, परंतु त्या आकाराच्या पडद्यावर बातम्या आणि मालिका व्यवस्थित पाहता येतात.