रोज अंघोळ घालू की नको?

दिवाळी सरली की नाशिकची हवा कोरडी होते, निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या सुरू होतात आणि माझ्याकडे, म्हणजे एका समुपदेशकाकडे, एक ठरलेला प्रश्न यायला लागतो. "मॅडम, बाळाला रोज अंघोळ घालू की नको?" एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी पडून लाल होण्याचा आणि खाजेचा आजार, असलेल्या बाळांच्या आया हा प्रश्न घेऊन येतात. खरं तर तो डॉक्टरांना विचारायचा, आणि बहुतेक जणींनी विचारलेलाही असतो. उत्तर मिळालेलं असतं, कागदावर लिहून दिलेलं असतं. तरी त्या माझ्यासमोर येऊन बसतात, कारण घरी गेल्यावर त्या कागदाप्रमाणे हात चालत नाहीत. गेल्या काही हिवाळ्यांत हे इतक्यांदा ऐकलं की एकीची गोष्ट सविस्तर सांगावी असं वाटलं. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती सिडकोत राहणारी. नवरा सातपूरला कारखान्यात, सासर मूळचं निफाडकडचं. बाळ पाच महिन्यांचं, घरात त्याला सोनू म्हणायचे. तिसऱ्या महिन्यात त्याचे गाल लाल झाले, मग कपाळ, मग हातापायांच्या बाहेरच्या बाजू. रात्री तो गादीवर गाल घासत राहायचा. त्वचारोगतज्ज्ञांनी एक्झिमा असल्याचं सांगितलं, दोन मलमं दिली. त्यातलं एक मलम दीड महिना झाला तरी न उघडता कपाटात होतं.

पहिल्या भेटीत ती हात ओढणीत गुंडाळून बसली होती. मी काही विचारायच्या आतच यादी सुरू झाली. गरोदरपणात वांगं खाल्लं. चिंच खाल्ली. बाळंतपणाला माहेरी दीडच महिना राहिले. बाळाचं अंग पुसायला ओले वाइप्स वापरले. आणि शेवटी, "म्हणजे माझ्यामुळेच झालं ना हे?"

मी विवेकनिष्ठ विचारांच्या मुशीत तयार झालेली समुपदेशक आहे. माणूस स्वतःशी कोणतं वाक्य बोलतो तिकडे माझा कान असतो, आणि आपल्या भाषेत त्या वाक्याचा सगळा जोर पुष्कळदा एका 'च'मध्ये असतो. माझ्यामुळेच. व्हायलाच हवं होतं. जायलाच पाहिजे. तो 'च' मी त्या दिवशी वहीत टिपला, पण लगेच त्याला हात घातला नाही. आधी तिला विचारलं, अंघोळ कशी घालतेस ते सांग.

दिवसातून तीनदा. चांगलं कढत पाणी, त्यात जंतुनाशकाचं झाकण. डाळीचं पीठ दुधात कालवून अंगाला चोळायचं, खवले निघेपर्यंत. मग पुण्याच्या आत्याने दिलेलं ऑलिव्ह तेल. बाळ किंचाळून रडायचं. मग एखाद्या दिवशी तिचा धीर सुटायचा आणि तीन-तीन दिवस ती त्याला पाणीच लावायची नाही. "डाग जातच नाहीत, मॅडम," ती म्हणाली. पाऊण तासात 'डाग' हा शब्द तिने अकरा वेळा उच्चारला.

दुसऱ्या भेटीत फारसं काही घडलं नाही. ती रडली, मी ऐकलं. शिवाय ती फक्त मुगाची खिचडी खाऊन दिवस काढते आहे हे कळलं, कारण कुणीतरी दूध, शेंगदाणे, अंडी सगळं बंद करायला सांगितलं होतं. अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांना न विचारता असं काही सोडू नये एवढंच मी बजावलं.

तिसऱ्या भेटीत चहा घेताना ओढणी सरकली आणि तिचे हात दिसले. बोटांची सालं निघालेली, सांध्यांवर बारीक चिरा. दिवसभर जंतुनाशकाने हात धुऊन धुऊन झालेले. मी वेगळाच प्रश्न विचारला.

"थंडीत टाचांना भेगा पडल्या तर काय करतेस?"

"कोकम तेल लावते. गरम करून, रात्री. वरून मोजे."

"पिठाने घासत नाहीस?"

"भेगेवर? आग होईल ना!"

असं म्हणून ती थांबली. कप खाली ठेवला. बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिली. मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं नक्की शिकले आहे की अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडायचं नसतं. मग ती अगदी हळू म्हणाली, "मॅडम, मी त्याच्या भेगा घासतेय."

माझ्या खणात साधं, बिनवासाचं क्रीम असतं. ते मी तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, आधी स्वतःच्या हाताला लाव, सोनूला लावशील तसं. तिने सवयीने जोरात चोळायला सुरुवात केली आणि स्वतःच 'स्स' केलं. दुसऱ्यांदा हात आपोआप हलका झाला. केसांच्या दिशेने, वरून खाली, लोण्याचा हात फिरवावा तसा. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "तीन महिन्यांत मी त्याला नुसता हात लावलाच नाहीये. धुवायला लावलाय, तपासायला लावलाय."

मला त्या दिवशी जे उमगलं त्याचा पुढे अनेक जणींसाठी उपयोग झाला. डाग म्हटलं की हात घासायला धावतो, भेग म्हटलं की काहीतरी भरायला धावतो. तिला दिलेली माहिती बरोबर होती, पण मनात शब्द चुकीचा बसला होता, आणि त्या शब्दाखाली तो 'च' होता. माझ्यामुळेच लागलेला डाग मीच धुऊन काढला पाहिजे! अपराधीपणा डोक्यात राहत नाही, तो हातात उतरतो. म्हणून आईच्या मनावरचं ओझं न हलवता तिला अंघोळीचे नियम पाठ करून घेणं मला अर्धवट काम वाटतं.

मग त्या 'च'कडे वळलो. एक्झिमाच्या कातडीचा बाहेरचा थर मुळात विरळ असतो. भिंतीतल्या विटांमधला चुना झडावा तसा. आतला ओलावा उडून जातो, बाहेरचं त्रासदायक ते आत शिरतं, मग खाज, मग लाली. त्वचेचा हा थर बांधणाऱ्या फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातल्या बदलाशी एक्झिमाचा संबंध आहे, हे संशोधकांनी 2006 मध्ये दाखवून दिलं. एक्झिमा असलेल्या प्रत्येक बाळात तो बदल असतो असं नाही, पण दमा, सर्दी-शिंका, एक्झिमा यांची घराण्यात ये-जा असते हे खरं. तिच्या सासऱ्यांना दमा होता. वांग्याचा यात कुठेच हात नव्हता.

"म्हणजे आमच्याकडूनच गेलं की," ती म्हणाली.

"नाकही तुमच्याकडूनच गेलंय. त्याबद्दल कधी माफी मागितलीस?"

पहिल्यांदा ती हसली.

आता ज्या आयांना अंघोळीचं उत्तर हवं आहे त्यांच्यासाठी. रोज घातली तरी चालते, एक दिवसाआड घातली तरी चालते. खरा प्रश्न अंघोळीनंतरच्या तीन मिनिटांचा आहे. पाणी कोमट, कोपर बुडवल्यावर ना गरम ना गार लागेल असं. वेळ पाच ते दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. साबण नको, डॉक्टरांनी सुचवलेलं बिनसाबणाचं, बिनवासाचं क्लीन्झर थोडंसं, तेही मांड्यांच्या घड्या आणि मानेसारख्या मळणाऱ्या जागी. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही आणि कातडीवर राहून खाज वाढवतो, म्हणून आपल्याकडच्या बोअरवाल्या सोसायट्यांत तर साबण जितका कमी तितकं बरं. जंतुनाशक पाण्यात घालायचंच नाही.

डाळीचं पीठ आणि दूध याबद्दल मी जरा आग्रहाने सांगते. घासण्याचा त्रास तर आहेच, पण फुटलेल्या कातडीवर खाण्याचे पदार्थ लागत राहिले तर शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं आणि पुढे त्याच पदार्थाची अ‍ॅलर्जी होऊ शकते. म्हणून पीठ, दूध, साय, बदामाचं तेल या बाळांच्या अंगावर नको. ऑलिव्ह तेलाने त्वचेचा बाहेरचा थर कमकुवत होतो असं मोठ्या माणसांवरच्या अभ्यासात दिसलं आहे, मोहरीचं तेलही झोंबरं.

बाहेर काढलं की जुन्या सुती पातळाच्या फडक्याने टिपायचं, पुसायचं नाही. अंग किंचित ओलसर असतानाच क्रीम किंवा मलम लावायचं. पातळ लोशनपेक्षा घट्ट क्रीम बरं, मलम त्याहून. आणि हात आखडायचा नाही. डॉक्टर आठवड्याला पाव किलोपर्यंत वापरायला सांगतात तेव्हा आया दचकतात, पण प्रमाण तेच आहे. डब्यातून बोटाने घेऊ नका, स्वच्छ चमच्याने काढा. अंघोळ नसेल त्या दिवशीही दोन-तीनदा लावा.

कपाटातल्या न उघडलेल्या मलमाबद्दलही बोललो. त्यात स्टेरॉइड आहे असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ते बंदच राहिलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या ताकदीचं, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलेलं स्टेरॉइड मलम लाली शमवतं. ते न लावल्याने रात्रीची झोप जाते, खाजवून जखमा होतात आणि त्यात जंतू शिरतात. मोजायला सोपी खूण आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्याच बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. घातक आहे ते शेजारणीने सुचवलेलं, मेडिकलमधून परस्पर आणलेलं मलम. आणि कातडीतून पाणी झिरपलं, पिवळी खपली धरली, ताप आला किंवा एकसारखे फोड झुपक्याने उठले, तर माझ्याकडे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

चौथ्या भेटीला मी सासूबाईंना बोलावलं. त्या घरी अंघोळ म्हणजे तीन परीक्षकांपुढची परीक्षा होती, आणि त्यात सर्वांत मोठ्या परीक्षक त्या. भांडी बाजारातून घेतलेलं त्यांचं तांब्याचं घंगाळ, त्यांची शेगडी, त्यांची ओवा-वावडिंगाची धुरी.

"आमची चार लेकरं याच घंगाळात न्हाली, मॅडम. एकाला काही झालं नाही."

"खरंय काकू. पण याची कातडी आजोबांवर गेलीय. त्यांना धूर सोसायचा का?"

त्या क्षणभर गप्प झाल्या. "नाही हो. मी चूल पेटवली की ते ओट्यावर जाऊन बसायचे."

धुरी त्या दिवसापासून बंद झाली. घंगाळ राहिलं, त्यात कोमट पाणी आलं. मालिश पण राहिली, कारण त्यांच्या हातात चाळीस वर्षांचा सराव होता आणि तो वाया घालवणं मला पटेना. फक्त तेलाच्या जागी क्रीम, चोळण्याच्या जागी फिरवणं. मीठ-मोहरीने दृष्ट काढू का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, खुशाल काढा, फक्त ती बाळाच्या खोलीत जाळू नका. त्यांना अजून एक भीती होती, ती त्यांनी सुनेसमोर कधी बोलून दाखवली नव्हती: ही खरूज असेल, नातवंडांना एकमेकांची लागेल. एक्झिमा लागत नाही, हे कळल्यावर त्यांनी सोनूला मांडीवर घेतलं. सून बघत राहिली. ते बघणं माझ्या आजवरच्या कामातल्या मोलाच्या क्षणांपैकी एक आहे.

सोनू पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. लाली कमी झाली, तो सलग चार तास झोपायला लागला, संक्रांतीच्या थंडीत गाल पुन्हा उसळले. पण या वेळी तिने त्याला तीनदा धुतलं नाही. क्रीम वाढवलं, डॉक्टरांना फोन केला. बऱ्याच मुलांचा एक्झिमा शाळेच्या वयापर्यंत सौम्य होत जातो, तोवर अशा उसळ्या येत राहणार हे तिला आता ठाऊक आहे.

शेवटच्या भेटीला ती आली ती नवी काळजी घेऊन. कामावर रुजू व्हायचं होतं आणि पाळणाघरातल्या ताईंना हे सगळं कसं समजवायचं? मी कागद पुढे केला, म्हटलं तूच लिही. तिने लिहिलं: कोमट पाणी. घासू नका. टिपा आणि लगेच भरपूर क्रीम लावा. रडला तर आधी उचलून घ्या.

मी कागद दोनदा वाचला. 'लगेच'मधला 'च' तेवढा राहू दिला.