सरळ आणि वळणाऱ्या गाड्यांची लेन एकच असेल, तर बाणाचा वेगळा सिग्नल का देत नाहीत?

कारण सरळ जाणाऱ्यांना हिरवा आणि वळणाऱ्यांना लाल बाण असं एकाच लेनला दाखवलं, की रांगेत पहिली गाडी वळणारी असल्यास मागचे सगळे अडकतात. दिवा हिरवा, पण हलायला जागा नाही. मग हॉर्न, आणि कुणीतरी शेजारच्या लेनमध्ये घुसतो.

म्हणून अशा ठिकाणी दोनच मार्ग उरतात. पहिला, साधा गोल हिरवा: वळणाऱ्याने समोरून येणाऱ्यांना आणि पादचाऱ्यांना वाट द्यायची, मोकळीक मिळाली की वळायचं. समोरची वर्दळ जास्त असेल तर सिग्नलच्या एका फेरीत जेमतेम एकदोन गाड्या निघतात. दुसरा, त्या एका बाजूला गोल हिरवा आणि हिरवा बाण एकदमच सुरू करून एकदमच बंद करायचे. तेवढा वेळ समोरची बाजू पूर्ण लाल. वळण सुरक्षित होतं, पण समोरासमोरच्या बाजू पाळीपाळीने सोडाव्या लागतात, त्यामुळे चौकाची फेरी लांबते आणि सगळ्यांचंच थांबणं वाढतं. शिवाय बाण चालू असताना, ज्या रस्त्यावर गाड्या वळतात तिथल्या पादचाऱ्यांचा दिवा लालच हवा. नेमकं हेच कधीकधी राहून जातं.

जागा असेल तर वळणासाठी वेगळी लेन काढणं कधीही बरं. मात्र ती आखूड नको. भरली की शेपूट सरळ लेनमध्ये येतं आणि अडचण जशीच्या तशी.