रात्री शेडवर कोण झोपणार, ते आधी सांग

पोरी,

रविवारी तू आणि पप्पा येऊन गेलात, शेड बघितलं, तळं बघितलं, आणि निघताना गेटपाशी तू हळूच विचारलंस, काकू, ब्रॉयलर कोंबड्या करू का मासे करू. तेव्हा मी धड काही बोलले नाही, तयार पक्षी न्यायला लिफ्टिंगची गाडी यायची होती. मग सोमवारी तू ती एक्सेल पाठवलीस. चार दिवस बघतीये मी ती. पाच हजार पक्ष्यांचं शेड, वर्षाला सहा बॅच, मर चार टक्के, कामाला एक जोडपं, चार कॅमेरे, आणि दुसऱ्या पानावर शेततळं, रोहू कटला मृगळ. खाली लिहिलंयस, मी पुण्यातून मोबाईलवर बघेन, शनिवार रविवार येईन.

सगळं लिहिलंयस, पण रात्री शेडवर कोण झोपणार ते कुठंच नाही.

रागावू नकोस. तुझी नोकरी सुटत नाही, पप्पांचे गुडघे गेलेत, आई म्हणते पोरीच्या जातीनं रानात झोपायचं नाही, हे सगळं मला समजतं. पण ही कोंडी तू कॅमेऱ्यानं सोडवायला निघालीयेस आणि ती तशी सुटत नाही गं.

ते चार टक्के तू कुठून तरी बघून टाईप केलेस ना, तो आकडा रात्री ठरतो. पिल्लू येतं तेव्हा एका दिवसाचं असतं, स्वतःचं अंग त्याला गरम ठेवता येत नाही, पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या हीटरखाली, ३२ ते ३५ डिग्री लागतं. रात्री दोनला सिलिंडर संपला किंवा लाईट गेली की ती एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात. पाऊण तास पुरतो. माझी तिसरी बॅच, डिसेंबर महिना, चौथी रात्र, सासूबाई म्हणाल्या आज घरी झोप, पाहुणे आलेत, बरं दिसत नाही. झोपले. सकाळी चिकगार्डच्या, म्हणजे पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाच्या, कडेनं ६४० मेलेली पिल्लं गोळा केली, घमेल्यानं. आता तू म्हणशील कॅमेरा असता तर दिसलं असतं. लाईट गेल्यावर कॅमेरा चालतो का, नेट चालतं का? आणि चाललं, तुला पुण्यात रात्री दोनला दिसलं, तर तू काय करणार, फोन करणार, आणि दिवसभर पोती उचलून मेल्यागत झोपलेला माणूस तो उचलणार का?

मी त्या माणसांना नावं ठेवत नाहीये हां. माझ्याकडे सात वर्षं एक जोडपं होतं, सोन्यासारखी माणसं. पण नुकसान तुझं होणार असेल तर जागरण पण तुझंच पाहिजे, ते पगारात बसत नाही.

अजून एक ऐक. सर्दीचा आजार आला की दिवसा कळत नाही, पंखे, भांडी, पक्ष्यांचा कालवा. रात्री अकरानंतर लाईट बारीक कर, सगळे बसले की मधे जाऊन पाच मिनिटं नुसती उभी राहा. छातीतली घरघर तेव्हा ऐकू येते, दोनचार पक्ष्यांची. त्या रात्री कळलं तर सकाळी पिल्लं देणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरला फोन करून औषध चालू होतं, नाहीतर तीनचार दिवसांनी मर वाढल्यावर कळतं. तसंच अमोनियाचं. उभ्यानं वास येत नाही, गुडघ्यावर बसून पक्ष्याच्या उंचीला नाक न्यायचं, डोळे चुरचुरले की समजायचं पडदे रात्रभर गच्च बांधलेत. पडदा वरून खाली उघडायचा, वर फूटभर फट ठेवायचीच, थंडीत सुद्धा. थंडी वाजेल म्हणून माणसं सगळं बंद करतात आणि पक्ष्यांखालच्या ओल्या तुसातला वायू आत कोंडतो. हे सगळं मला सुरुवातीला कुणी शिकवलं नाही, खाटेवर पडून पडून कळलं.

आणि मासे म्हणजे सोपं, फीड टाकलं की झालं, असं तुला कुणी सांगितलंय? मलाही सांगितलं होतं. दिवसा ऊन असतं तोवर शेवाळ पाण्यात ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ आणि मासे मिळून तो ओढतात, म्हणून सगळ्यात कमी ऑक्सिजन पहाटे, उजाडायच्या आधी. ढगाळ दिवस असला की आदल्या दिवशीची कमाईच नाही आणि रात्रीचा खर्च तेवढाच. २०१६ चा ऑगस्ट. मी शेडमधलं लिटर, म्हणजे पक्ष्यांची घाण मिसळलेलं तूस, खत म्हणून पोतीच्या पोती तळ्यात ओतत होते, फुकटचं खाद्य तयार होतंय म्हणून खूश होते, पाणी हिरवंगार. कोपरापर्यंत हात बुडवला की तळवा दिसेना, तेव्हाच थांबायला पाहिजे होतं, नाही थांबले. मग चार दिवस ऊन नाही. आणि नेमकी त्या रात्री मी नणंदेकडे बारशाला सोलापूरला, मुक्काम करा म्हणाल्या, केला. साडेपाचला फोन, ताई मासे वर येऊन तोंड उघडतायत. मोटर लावून पाणी उंचावरून परत तळ्यात पाडलं असतं तर बरेच वाचले असते, पण तीन वाजता ते बघायला कुणी उठलंच नव्हतं. आधी मोठे जातात. पाऊण पाऊण किलोचा कटला पांढरं पोट वर करून. भिगवणच्या बाजारात न्यायच्या लायकीचा राहिला नाही, लिंबाच्या बागेत खड्डा काढून पुरला. दोन दिवस जेवण गेलं नाही मला.

म्हणून ब्रॉयलर का मासे हे विचारूच नकोस आत्ता. दोन्हीकडे रात्र आहे. एकदम दोन्ही तर करूच नकोस, दोन्हीकडची पहाट एकटीला पुरत नाही. मला विचारशील तर आधी पक्षी कर, आणि ते पण करारावर. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं, शेड, तूस, लाईट, पाणी, मजुरी तुझी, पैसे वजनावर. पैसा कमी सुटतो, पप्पांना ते पटणार नाही, पण त्यांना सांग २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू निघाला, कुठं नवापूर कुठं इंदापूर, तरी आमच्या इथं गिऱ्हाईक चिकनला हात लावेना. आणि २०२० ला तर चिकननं कोरोना होतो अशी नुसती अफवा, तेवढ्यावर स्वतःचे पक्षी वाढवणाऱ्यांनी माल फुकट वाटला, पुरला. माझं शेड रिकामं बसलं, हप्ते तटले, कंपनीनं तीन महिने पिल्लू टाकलं नाही आणि फोन पण उचलला नाही, तो राग अजून आहे. पण डोक्यावर खाद्याची उधारी नव्हती म्हणून उभी राहिले.

शेडची आखणी मात्र लगेच बदला. पप्पांनी लांबी उत्तर दक्षिण धरलीये. पूर्व पश्चिम धरा, नाहीतर सकाळ संध्याकाळ ऊन थेट आत येईल आणि एप्रिल मे मधे पक्षी धापा टाकून मरतील. कोंबडीला घाम येत नाही.

आता आईचं. तिला वाटतं लोक काय म्हणतील. म्हणतात, खोटं कशाला सांगू. मला म्हणाले, नवरा एसटीवर, ही रानात झोपते. अजून म्हणतात. मुलाची दहावी होती, मराठीच्या पेपरच्या आदल्या रात्री माझी गाडी भरायची होती, चार वाजेपर्यंत मी वजनकाट्यापाशी उभी, कारण काट्यावर मालक नसला की वजनं कशी लिहिली जातात ते मी एकदा भोगलंय. तो शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर गेला परीक्षेला, डबा न घेता. आता पंचविशीचा झालाय, नाशिकला असतो, अजून ते काढतो, की आई त्या रात्री पण तू शेडवरच होतीस. हो, होते. त्या बॅचच्या पैशातून त्याच्या डिप्लोमाची पहिली फी भरली, हे तो कधी काढत नाही. मी घरी असते, त्याला डबा दिला असता, डोक्यावरून हात फिरवला असता, आणि काट्यावर शंभर दोनशे किलो गेलं असतं तर फी कुठून आणली असती? त्याच्या बापाच्या पगारात घर चालत होतं, फी बसत नव्हती. मी चुकले असं तो म्हणतो. मी नाही म्हणत. डबा आदल्या संध्याकाळी करून ठेवायला पाहिजे होता, तेवढं मानते.

हे तुला सांगायचं नव्हतं खरं तर. पण तू घरच्यांना न दुखवता हा धंदा करायला बघतीयेस आणि मला ते होताना दिसत नाही. कुणी ना कुणी दुखावणारच, सासू, पोरगं, आई. तू नाही झोपलीस तर पप्पा झोपतील, ६२ व्या वर्षी, तसल्या गुडघ्यांवर, आणि तुला वाटत राहील की कॅमेऱ्यामुळे चाललंय सगळं. ते मला बघवणार नाही.

बँकेचा कागद अजून सही करू नकोस. माझी पुढची पिल्लं गुरुवारी येतायत. आठ दिवसांची रजा टाक आणि बुधवारी संध्याकाळीच ये, तूस पसरायचंय, ब्रूडर आदल्या रात्रीपासून लावून शेड तापवायचंय. सात रात्री माझ्या खाटेशेजारी झोप, दोन दोन तासांनी उठून ब्रूडरखाली पिल्लं कशी बसलीत ते मला सांगायचं, गोळा झालीत का लांब पळालीत का सारखी पसरलीत. मी उठवणार नाही, तुझी तू उठायचं. आठव्या दिवशी ती एक्सेल आपण दोघी मिळून परत भरू.

गोधडी जाड आण, पहाटे ओढ्याकडून गार वारं येतं. आईला मी आज संध्याकाळी फोन करते.

— काकू