अर्ज तिचा आहे, वाक्यंही तिचीच हवीत

पत्र : माझी मुलगी एमएस्सीच्या (रसायनशास्त्र) शेवटच्या वर्षाला आहे. गुण कायम 85 टक्क्यांच्या पुढे. आम्ही रँकिंग बघून अमेरिकेतल्या 14 विद्यापीठांची यादी केली आहे आणि सगळीकडे डेटा सायन्सच्या मास्टर्ससाठी अर्ज करत आहोत, कारण रसायनशास्त्राला पुढे स्कोप नाही. तिचा ओढा पीएचडीकडे आहे, पण पाच-सहा वर्षांची फी आम्हाला झेपणार नाही. ती जरा गोंधळलेली असल्यामुळे एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हाच अभ्यासक्रम का करायचा हे उमेदवाराने सांगायचं निवेदन) मीच लिहिला आहे. सरांनी 'तुम्हीच लिहून आणा' म्हटल्यामुळे शिफारसपत्रांचे मसुदेही तयार केले आहेत. डिसेंबरच्या मुदतीत सगळं बसवायचं आहे. सोबतचा एसओपी तपासून द्यावा. (एक वडील)

उत्तर : सर्वात आधी मी एसओपीची फाइल उघडली. तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय की या प्रकल्पात तिने पाण्यातलं फ्लोराइड अचूक मोजण्याची पद्धत यशस्वीपणे विकसित केली. त्या वाक्याच्या शेजारी, समासातल्या चौकटीत, तुमच्या मुलीची एक टिप्पणी आहे. ती पुसायची राहून गेली असावी. 'बाबा, असं झालं नव्हतं. पहिल्या तिन्ही वेळा रीडिंग सरकत गेलं. सकाळी एक, दुपारी दुसरंच. खोली तापली की इलेक्ट्रोड वेगळा आकडा दाखवतो, हे कळायलाच दीड महिना गेला.' त्याखाली तुमचं उत्तर आहे : 'हे नको. नकारात्मक वाटेल.'

दोन पानांच्या त्या मजकुरात मला तुमच्या मुलीचा आवाज तेवढ्याच ओळींत ऐकू आला. बाकी सगळं, म्हणजे लहानपणापासूनची विज्ञानाची आवड, देशाची सेवा, विद्यापीठाची थोर परंपरा, हे कुणाच्याही अर्जात चिकटवता येईल असं आहे. तिचा ओढा ज्या पीएचडीकडे आहे, तिचे अर्ज त्या विभागातले प्राध्यापक वाचतात. पुढची पाच वर्षं ज्याच्याबरोबर काम करायचं, असा माणूस ते शोधत असतात. प्रयोग फसतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. फसल्यावर ही मुलगी काय करते, आकडा का सरकला याच्या मागे लागते की सोयीचं रीडिंग वहीत लिहून मोकळी होते, एवढंच त्यांना बघायचं असतं. त्याचा पुरावा तिने स्वतः लिहून दिला होता आणि तुम्ही तो खोडलात.

मला गुणांची चिंता नाही, विद्यापीठांच्या यादीचीही नाही. 'आम्ही यादी केली', 'आम्ही अर्ज करत आहोत', 'आम्हाला झेपणार नाही' असं वाचत गेले तेव्हा मात्र काळजी वाटायला लागली. अख्ख्या पत्रात तिच्या वाट्याला दोनच गोष्टी आल्या आहेत : तिला पीएचडी करावीशी वाटते, आणि ती गोंधळलेली आहे. मला ती गोंधळलेली वाटत नाही. जिला दीड महिना एका इलेक्ट्रोडमागे लागावंसं वाटलं, तिला आपल्याला काय आवडतं हे चांगलं कळतं. घरात ते बोलायला जागा नाही, म्हणून ती समासात लिहिते आहे. तुम्ही हे सगळं प्रेमापोटी करता आहात, यात मला शंका नाही. रात्री जागून चौदा विद्यापीठांचे तक्ते करणारा बाप मुलीचं वाईट चिंतत नसतो. पण परक्या देशात पहिल्याच सत्रात मार्गदर्शक तिला विचारतील, 'तुला कशावर काम करायचंय?' तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसाल.

शिफारसपत्रांबद्दल स्पष्टच बोलते. बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात आणि ती शिफारस करणाऱ्याने, त्याच्याच ईमेलवर आलेल्या लिंकवरून, थेट भरायची असतात. अर्ज पाठवताना त्यातला मजकूर आपला आणि खरा आहे, असं उमेदवाराला लिहून द्यावं लागतं. इथे एसओपी आणि तिन्ही पत्रं एकाच हातची आहेत. तीच विशेषणं, तीच लय वाचणाऱ्याला दुसऱ्या पानावरच ओळखू येते. नंतर उघडकीला आलं तर मिळालेला प्रवेशही जातो, आणि शिक्षा तिला होते. 'तुम्हीच लिहून आणा' म्हणणाऱ्या सरांना मुलीने प्रकल्पाची एक पानी टिपणं द्यावीत आणि पत्र त्यांनाच लिहायला सांगावं. एवढा वेळ जे देत नसतील, त्यांच्या नावाचा उपयोगही नाही. ज्यांनी तिला प्रयोगशाळेत काम करताना पाहिलंय, त्या ज्युनिअर मॅडमचं पत्र विभागप्रमुखांच्या पत्रापेक्षा जास्त वजनदार ठरतं.

आता फीबद्दल. हा गैरसमज इतक्या पत्रांत येतो की तो नीट उलगडून सांगायला हवा. अमेरिकेत स्वतःच्या खिशातून भरावी लागते ती मुख्यतः मास्टर्सची फी, म्हणजे तुम्ही जो मार्ग स्वस्त समजून निवडलाय त्याची. रसायनशास्त्रासारख्या विषयातल्या पीएचडीला तिथल्या संशोधन विद्यापीठांत सहसा फी माफ होते आणि वर दरमहा मानधन मिळतं. त्या बदल्यात पहिली काही सत्रं पदवीच्या विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक घ्यायचं, नंतर मार्गदर्शकाच्या संशोधन निधीवर काम करायचं. जर्मनीत तर पीएचडी करणारे पुष्कळ जण विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या करारावर पगारी नोकरीत असतात. मात्र फी नाही एवढ्यासाठी कुणी पीएचडीला जाऊ नये. मानधनात जेमतेम भागतं, पाचाची सहा वर्षं होतात, आणि मार्गदर्शकाशी पटलं नाही तर ती वर्षं फार लांब वाटतात. म्हणूनच पीएचडीसाठी रँकिंगची यादी जवळजवळ निरुपयोगी असते. तिच्या विषयावर कोण काम करतंय, त्यांच्याकडे पुढच्या वर्षी जागा आणि निधी आहे का, त्यांचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आज कुठे आहेत, हे शोधायचं. बऱ्याच प्रयोगशाळा जुन्या विद्यार्थ्यांची नावं आपल्या पानावर देतात. सध्याच्या दोन विद्यार्थ्यांना तिने स्वतः ईमेल करून विचारावं. 'पुढे काय' याचं उत्तर तिथे मिळेल. कुणी औषध कंपनीत, कुणी बॅटरीच्या संशोधनात, कुणी उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत, कुणी पेटंटच्या कामात दिसेल. प्राध्यापक झालेले थोडेच असतील, हेही तिने आधीच पाहिलेलं बरं.

स्कोप नाही म्हणून रसायनशास्त्र सोडणं मला पटत नाही. मोजमापाची इतकी समज असलेल्या मुलीने हवं तर सांख्यिकी आणि प्रोग्रामिंग शिकावं. आपल्याच प्रयोगांच्या आकड्यांवर ते शिकणं तिला सोपं जाईल. केवळ भीतीपोटी कर्ज काढून विषय बदलणं मला धोक्याचं वाटतं.

परीक्षांचं थोडक्यात : जीआरई, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशासाठीची सामायिक परीक्षा, अनेक विभागांनी ऐच्छिक केली आहे किंवा काढून टाकली आहे. दिलीच असेल तर गुण पाच वर्षं चालतात, टोफेल आणि आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे दोन वर्षं.

माझा सल्ला असा, की या डिसेंबरात एकही अर्ज करू नका. एसओपी तपासून मी परत पाठवणार नाही. एमएस्सी संपल्यावर तिला वर्षभर एखाद्या संशोधन प्रकल्पावर सहायक म्हणून किंवा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करू द्या. रोज आठ तास प्रयोगशाळेच्या टेबलापाशी उभं राहूनही तिला हेच करावंसं वाटलं, तर पुढच्या डिसेंबरात अर्ज करावा. नाही वाटलं, तर सहा वर्षं वाचली. आणि अर्जाच्या पोर्टलचे पासवर्ड आजच तिच्याकडे द्या.

पुढच्या ओळी तिच्यासाठी आहेत, तिला वाचायला द्या.

तुझी टिप्पणी मी वाचली. चौथ्या वेळी रीडिंग स्थिर आलं, तेव्हा तू नेमकं काय बदललं होतंस? नमुने एका तापमानाला आणून ठेवलेस, की प्रत्येक वेळी नव्याने कॅलिब्रेशन केलंस? आणि दोष तापमानाचाच आहे, द्रावणाचा नाही, हे कशावरून ठरवलंस? दीड पानात लिहून मला पाठव. मराठीत लिहिलंस तरी चालेल. बाबांना आधी दाखवू नकोस.