भयकथा, गुन्हेगारी कथा की सुपरहिरो: तुम्हाला काय जास्त आवडतं आणि का?

भयकथा. आणि ‘का’ याचं उत्तर जरा उफराटं आहे: कारण त्या वाचून मला शांत झोप लागते.

शाळेत असताना बाबांच्या नावावर पेठेतल्या वाचनालयातून रोज एक पुस्तक मिळायचं. खाकी कव्हर, कण्याला कापडी पट्टी आणि आत आधीच्या वाचकांचे उद्योग. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असायचं, ‘खुनी दिवाणजी’. झालं, पुस्तक तिथेच संपलं. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या; झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक आमच्या आजोबांचे जीव की प्राण. मीही त्यातल्या बऱ्याच एका बैठकीत फस्त केल्या, पण आज एकीचंही कथानक धड सांगता येणार नाही.

याउलट, भयकथाकार नारायण धारपांचं पहिलं पुस्तक हाती आलं ते अर्धं फाटलेलं. नावाचं पान गायब, कण्यावर शाईने नुसतं ‘धारप’. जिन्यावरून काहीतरी वर येतंय, दाराची कडी आपोआप हलतेय, इथवर पोचलो आणि पुढे एकदम पुठ्ठा! शेवटची सात-आठ पानं गळालेली. ग्रंथपालकाकांना विचारलं तर म्हणाले, “तरीच कुणी परत द्यायला उशीर करत नाही.”

धारपांची माणसं कोण असतात? बदली होऊन आलेला कारकून, घर स्वस्तात मिळालं म्हणून खूश असलेलं जोडपं. पहिली वीस पानं ते सामान लावण्यातच घालवतात. मग कुठेतरी एक खोली नेमकी थंड लागते. पुढे इंग्रजी वाचायला लागल्यावर कळलं की स्टीफन किंगकडून त्यांनी बरंच उचललंय. हिरमोड झाला, खोटं कशाला बोला. पण किंग वाचताना मला अडगळीच्या खोलीतला, जुन्या गाद्यांचा तो कुबट वास कधी आला नाही, धारपांच्या पानापानांतून येतो.

आता झोपेचं. आपल्याकडच्या भुतांना नियम असतात. मुंजा पिंपळ सोडून तुमच्या फ्लॅटवर येत नाही. चकवा लागला तर बसून राहायचं, उजाडलं की वाट सापडते. तळकोकणात देवचाराला त्याचं वर्षाचं मान-पान दिलं की तो उलट राखण करतो. म्हणजे करार आहे, आणि तो बहुतेक वेळा माणूसच मोडतो.

‘तुंबाड’ हा सिनेमा मला याच कारणासाठी फार मोठा वाटतो. दिग्दर्शक राही अनिल बर्वेंना त्याचं बीज धारपांच्या कथेत सापडलं, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतून आलं. त्यात पिठाचं रिंगण आहे, विहिरीखालच्या हस्तर नावाच्या भुकेल्या दैत्याला नादी लावायला कणकेची बाहुली आहे, आणि हस्तर ती खाईपर्यंत जेवढ्या सोन्याच्या मुद्रा हाती लागतील तेवढ्या घेऊन वर यायचं आहे. नियम पाळला तर माणूस वाचतो. पण विहिरीत उतरणाऱ्याला आज मूठभर मिळालं की उद्या पसाभर हवं असतं. मुलगा बापाला एकाच वेळी भरपूर बाहुल्या घेऊन जाण्याची युक्ती सुचवतो ना, तिथे माझ्या अंगावर काटा येतो. 2018 साली हा सिनेमा थिएटरात फारसा कुणी पाहिला नाही, आणि सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. मी दोन्ही वेळा गेलो. दुसऱ्यांदा तिकीट मिळायला मारामार.

सुपरहिरोंबद्दल थोडक्यात. शक्तिमान बघून माझ्या धाकट्या भावाने गिरकी घेतली आणि पाण्याचा माठ फोडला, एवढी एक आठवण गोड आहे. हल्लीचे सिनेमे बघताना मी घड्याळ बघतो. ज्याला काही होणारच नाही त्याची काळजी काय करायची? माझा हिरो फुरसुंगीचा, काडीपैलवान, सायकलवरचा: भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. तो पडला की गुडघा फुटायचा.

राहिली गुन्हेगारी. अर्नाळकरी खून चालतो मला. खऱ्या गुन्ह्यांवरच्या वेबसिरीज आल्या की मात्र मी खोलीतून उठतो. त्याचं कारण आई. 1976-77 मध्ये पुण्यात जोशी-अभ्यंकर खून झाले तेव्हा ती कॉलेजात होती. सव्वा वर्षात दहा माणसं मारली गेली. मारणारे चौघं कला महाविद्यालयातली पोरं निघाली, 1983 मध्ये त्यांना येरवड्याला फाशी झाली. आई सांगते, त्या दिवसांत अंधार पडला की रस्ते ओस पडायचे आणि लोक ओळखीच्या माणसालाही दार उघडायला कचरायचे. इथे कुठला पिंपळ आणि कुठलं रिंगण! भांडारकर रोडवरच्या बंगल्याची बेल वाजली, तेव्हा आतल्यांनी कुठला करार मोडला होता?

‘रात्रीस खेळ चाले’ ही भुताची मालिका आईने नेमाने पाहिली. अण्णा नाईक पडद्यावर आले तरी दुसऱ्या दिवशीच्या डब्याची गवार मोडणं थांबायचं नाही. मध्येच बेल वाजली की मात्र आधी टीव्हीचा आवाज बंद. मग साखळी लावून दार बोटभर उघडायचं. “कोण?” बाहेरून मीच, “अगं, मी.” पुन्हा, “मी कोण?”