रेनिन : संप्रेरक की विकर?

विचारलंय ते असं: रक्तदाबावरच्या लेखांत कुठे 'रेनिन हे संप्रेरक' तर कुठे 'रेनिन हे विकर' असं छापलेलं दिसतं, त्यातलं बरोबर कोणतं? आणि 'अँजिओटेन्सिन रेनिनला रोखतं' हे वाक्य चालेल का?

रेनिन विकरच, म्हणजे एन्झाइम. घोळ होतो कारण मूत्रपिंड ते थेट रक्तात सोडतं, आणि रक्तात सोडलेलं ते संप्रेरक, म्हणजे हार्मोन, अशी आपली समजूत. पण त्याचं काम बघा. यकृतात बनलेल्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनाचं टोक ते कापतं. हा तुकडा 10 अमिनो आम्लांचा, अँजिओटेन्सिन-1. मग एसीई नावाचं दुसरं विकर, मुख्यतः फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, त्यातली 2 काढून टाकतं. उरलेलं 8 चं अँजिओटेन्सिन-2 हे खरं पेप्टाइड संप्रेरक. तेच रक्तवाहिन्या आवळतं आणि दाब चढवतं.

आता क्रियापद. अँजिओटेन्सिन-2 मूत्रपिंडातल्या पेशींना रेनिन कमी सोडायला लावतं. रक्तात आधीच आलेल्या रेनिनला ते हातही लावत नाही. म्हणून 'रेनिनचं स्रवण रोखतं' असं लिहावं. हृदयाच्या कर्णिकेतून येणाऱ्या एएनपी या संप्रेरकाबद्दलही हेच. 'विकराला रोखतं' हा प्रयोग रक्तदाबाच्या प्रिल-गटाच्या गोळ्यांना शोभतो: रामिप्रिल, एनालाप्रिल खरोखरच एसीईच्या कापणाऱ्या जागी जाऊन बसतात. (या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला होतो, कारण एसीई ब्रॅडिकायनिन नावाचं पेप्टाइडही मोडतं; एसीई रोखलं की ते साचत जातं.)

एक अपवाद आहे, आणि मला तो फार आवडतो. एएनपी पेशीच्या ज्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) बसतं, त्याचं पेशीच्या आतलं टोक स्वतःच विकर असतं, ग्वानिलिल सायक्लेज. तिथे 'संप्रेरक विकराला चालना देतं' हे अक्षरशः खरं, आणि परिणाम उलटा: रक्तवाहिनी सैल पडते.

राहिला लेखनाचा मुद्दा. 1898 साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेड आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कातल्या दाब वाढवणाऱ्या द्रव्याला रेनिन म्हटलं. लॅटिनमध्ये 'रेन' म्हणजे मूत्रपिंड. चीजसाठी दूध गोठवणारं वासराच्या जठरातलं विकर वेगळं. देवनागरीत दोन्ही 'रेनिन'च होऊन बसतात. दुधाच्याला 'रेन्निन' लिहावं, किंवा सरळ 'कायमोसिन'.